चौकात एक माणूस उभा करायचा, तर

तळेघरच्या चौकात रात्रंदिवस एक पोलीस उभा ठेवायचा असेल, तर एकूण किती पोलीस लागतील? हा प्रश्न मी आजवर बऱ्याच जणांना विचारला आहे. बहुतेक जण लगेच 'तीन' म्हणतात. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणून तीन माणसं. खरं उत्तर चारच्या वर जातं. ते कसं, हे एकदा समजलं की पोलिसांचं मनुष्यबळ, त्यांचा पगार आणि त्यांचे जादा तास यांचा गुंता निम्मा सुटतो.

प्रश्न मला सुचला तो तिथंच, श्रावणातल्या एका सोमवारी. घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाचा काठ धरला की रस्ता चढू लागतो आणि वर तळेघर येतं. तिथून पुढे भीमाशंकर. पहाटेची वेळ होती, भुरभुर पाऊस होता आणि धुकं इतकं दाट की समोरची गाडी दिसण्याआधी ऐकू यायची. रेनकोट घातलेला एक तरुण शिपाई टॉर्च हलवत गाड्यांना वाट दाखवत होता. चहासाठी पाच मिनिटं टेकला तेव्हा कळलं की तो इथल्या ठाण्याचा नव्हताच. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून बंदोबस्ताला आला होता. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी निघाला, तो संध्याकाळपासून इथंच उभा होता. "सुटणार कधी?" मी विचारलं. "गर्दी ओसरली की, काका," एवढंच म्हणाला आणि ग्लास ठेवून पुन्हा रस्त्यावर गेला.

आता गणित. वर्षाचे दिवस ३६५. आठवड्याला एक सुट्टी धरली की ५२ दिवस गेले. अर्जित रजा ३० दिवसांची. किरकोळ रजा पूर्वी १२ होती, ती २०२२ मध्ये पोलिसांसाठी २० करण्यात आली. हे सगळं वजा केलं की माणूस कामाला मिळतो २६३ दिवस. चौकाला मात्र सुट्टी नाही आणि रजाही नाही. आठ तासांची पाळी धरली तर त्याला वर्षाला १,०९५ पाळ्या लागतात. १,०९५ ला २६३ ने भागलं की ४.१६ येतात. यात आजारपण, न्यायालयातली साक्ष, प्रशिक्षण आणि गोळीबाराचा सराव धरलेला नाही. हे सगळं धरलं तर आकडा पाचाकडे सरकतो.

याच चौकात बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या, तर लागतात २.७८ माणसं. म्हणजे पाळी आठाची बारा केली की प्रत्येक जागेमागे सव्वा माणसाहून जास्त वाचतं. आणि सुट्ट्या व रजा दिल्याच नाहीत, तर सारं दोन माणसांत भागतं. कागदावर चार लागतात आणि व्यवहारात दोघांत चालतं. मधल्या दोन माणसांचं काम कुठून येतं? ते येतं हजर असलेल्या दोघांच्या झोपेतून, त्यांच्या पोरांच्या शाळेच्या कार्यक्रमांतून, चाळिशीतच मागे लागणाऱ्या रक्तदाबातून. 'कमी मनुष्यबळ' या कोरड्या शब्दाचा शिपायाच्या घरातला अर्थ हा आहे.

हे माझ्या एकट्याचं गणित नव्हे. पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोने हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून देशभरातल्या ठाण्यांचा अभ्यास करून घेतला, तो २०१४ मध्ये आला. ठाण्यांतले जवळजवळ ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांहून जास्त राबतात. ठाणेप्रमुखांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी आपल्या माणसांचे रोजचे तास अकरा किंवा त्याहून जास्त सांगितले, तर सुमारे २८ टक्क्यांनी चौदाच्या वर. महिन्यातून एकदासुद्धा आठवड्याची सुट्टी मिळत नाही, असं म्हणणारे ठाणेप्रमुख ७३ टक्क्यांहून जास्त निघाले. आणि ठाणी आठ तासांच्या पाळीवर चालवायची तर मंजूर मनुष्यबळाच्या सरासरी १.६८ पट माणसं लागतील, असा त्यांचा हिशेब आला.

या वाक्यातला 'मंजूर' हा शब्द महत्त्वाचा. वर्तमानपत्रांत आपण 'इतकी पदं रिक्त' अशी बातमी वाचतो आणि समजतो की ती भरली की प्रश्न मिटला. पण मंजूर पदांचा आकडाच मुळात बारा-चौदा तासांच्या दिवसावर बेतलेला आहे. १ जानेवारी २०२० रोजी देशात लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९५ होते आणि प्रत्यक्ष सुमारे १५६. म्हणजे १०० मंजूर असतील तर हजर ८०, आणि ठाण्याची गरज १६८. ढोबळ मानाने दोघांचं काम एकजण करतो. तळेघरच्या चौकात कागदावर चार आणि व्यवहारात दोन हा हिशेब निघाला होता, तोच इथं सगळ्या देशाच्या पातळीवर समोर येतो.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ठाण्यात तर बरीच माणसं दिसतात. ठाण्याचं आतलं काम त्याला दिसत नाही, म्हणून जरा आत जाऊ. ठाणे अंमलदाराची खुर्ची कधीच रिकामी ठेवता येत नाही. फिर्याद घ्यायला आणि स्टेशन डायरी लिहायला तिथं कायम कोणीतरी हवं. वायरलेस सांभाळायला एक. कोठडीत आरोपी असेल तर पहाऱ्याला एक. २०२१ पासून राज्यात ११२ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तिच्या गाडीवर एक चालक आणि निदान एक अंमलदार. झाल्या पाच जागा, सगळ्या चोवीस तासांच्या. आपल्या हिशेबाने पाच जागांना एकवीस माणसं लागली. अजून एकाही गुन्ह्याचा तपास झालेला नाही आणि एकाही वाडीवर कोणी पोचलेलं नाही.

उरलेल्यांतून एक मुद्देमाल कारकून, एक संगणकावर, एक न्यायालयात पैरवीला, एक-दोन समन्स-वॉरंट बजावायला, एक गोपनीय कामाला. पासपोर्टची चौकशी, चारित्र्य पडताळणी, मंत्र्यांचा दौरा, ग्रामसभेतला वाद, बिबट्याच्या हल्ल्यानंतरचा रास्ता रोको हे सगळं त्याच उरलेल्या माणसांच्या अंगावर. रोज संध्याकाळी हजेरी मास्तर दुसऱ्या दिवसाच्या ड्युट्या लावायला बसतो. त्याच्यासमोर एक तक्ता असतो आणि तक्त्यातल्या जागा नावांपेक्षा जास्त असतात. मग तो एका नावासमोर दोन कामं लिहितो. रात्रपाळी करून सुटलेला माणूस सकाळी दहाला न्यायालयात साक्षीला उभा राहतो, तो असा.

तळेघर-घोडेगावच्या आंबेगाव तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ३५ हजार, शेजारच्या जुन्नरची सुमारे ४ लाख. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही पुणे-नाशिक रस्त्यावरची गजबजलेली गावं. घोडेगावच्या पश्चिमेला मात्र चित्र पालटतं. धरणाचं पाणी, त्याच्या काठाने वळणारे रस्ते, महादेव कोळ्यांच्या विखुरलेल्या वाड्या. इथं गुन्हे कमी, म्हणून मनुष्यबळाच्या हिशेबात हा भाग हलका पडतो. पण तासांच्या हिशेबात तो जड आहे. समजा, वरच्या एखाद्या वाडीत कोणी ओढ्यात वाहून गेलं किंवा साप चावून दगावलं. याला ठाण्याच्या भाषेत अकस्मात मृत्यू म्हणतात. बीट अंमलदार, म्हणजे त्या भागातल्या गावांची जबाबदारी असलेला पोलीस, आणि त्याचा एक जोडीदार निघतात. घाट चढायचा, गाडी जाईल तिथपर्यंत जायचं, पुढे चालायचं. पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, जबाब घ्यायचे. प्रेत खाली घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात आणायचं, शवविच्छेदन होईपर्यंत थांबायचं, नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं आणि मग ठाण्यात येऊन कागद पुरे करायचे. यात गुन्हा कोणताच नाही, आणि दोन माणसांचा पुरता दिवस गेला. शहरात हेच काम तीन-चार तासांत उरकतं. माणसं मंजूर करताना लोकसंख्या आणि गुन्ह्यांची संख्या पाहिली जाते. घाटातल्या वळणांचाही त्या हिशेबात विचार व्हायला हवा.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी आणायचं, तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवायचं. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे आणि फिर्यादीच्या हिताची आहे. पण प्रत्येकीला तास लागतात.

हा सगळा भाग ज्याच्या हद्दीत येतो त्या पुणे ग्रामीण पोलीस दलाचं वर्ष ज्याने जवळून पाहिलं त्याला बंदोबस्ताचं कॅलेंडर पाठ असतं. १ जानेवारीला कोरेगाव भीमाचा परिसर. १९ फेब्रुवारीला शिवनेरी. महाशिवरात्रीला भीमाशंकर. जेजुरीची सोमवती. उन्हाळाभर गावोगावच्या यात्रा. आषाढीच्या आधी दोन्ही पालख्या, एक सासवड-जेजुरीकडून आणि एक बारामती-इंदापूरकडून. पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी लोणावळा. मग श्रावण, मग गणपती, त्यात ओझर-लेण्याद्रीची गर्दी वेगळी. आणि मध्ये कुठलीतरी निवडणूक. या प्रत्येक ठिकाणी स्थानिक ठाण्याची माणसं पुरत नाहीत, म्हणून इतर ठाण्यांतून माणसं मागवली जातात. श्रावणी सोमवारी भीमाशंकरला लावलेला शिपाई कुठल्यातरी बीटातून उचललेला असतो. घोडेगावचा माणूस आषाढीत वारीच्या वाटेवर उभा असतो, तेव्हा त्याच्या बीटातल्या वाड्यांकडे त्या आठवड्यात कोणी फिरकत नाही. बंदोबस्ताचा खर्च असा दूरच्या वाडीवर पडतो, आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

होमगार्ड मदतीला असतात. मुंबई प्रांतात १९४६ साली मोरारजी देसाईंनी उभं केलेलं हे दल आज बंदोबस्ताचा मोठा आधार आहे. त्यांचा दिवसाचा भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तो योग्यच होता. पण होमगार्ड पंचनामा करत नाही, तपास करत नाही. त्याने गर्दी सांभाळली तरी ठाण्यातली फाईल हलत नाही.

आता पैशाकडे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महाराष्ट्रात पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे, तर उपनिरीक्षकाची ३८,६०० ते १,२२,८००. नव्याने लागलेल्या शिपायाचं मूळ वेतन २१,७०० आणि त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर ३३,६३५ रुपये होतात. घरभाडं आणि इतर भत्ते बाजूला ठेवू. तीस दिवसांनी भागलं तर दिवसाला १,१२१ रुपये. आठ तासांचं काम असेल तर तासाला १४० रुपये. बारा तासांचं असेल तर ९३. चौदा तासांचं असेल तर ८०. पगारपत्रकावरचा आकडा तिन्ही वेळा एकच असतो. तास वाढतात तशी त्याच्या श्रमाची किंमत उतरत जाते.

याच आंबेगाव-जुन्नरमधली पोरं चाकणच्या कारखान्यांत जातात. तिथं काय मिळावं हे कायद्याने ठरवलेलं आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दराने मजुरी देणं बंधनकारक केलं, आणि दुप्पट दराचं हे तत्त्व नव्या कामगार संहितेतही राहिलं. सगळीकडे ते पाळलं जातं असं मी म्हणत नाही, पण कामगाराला बोट ठेवायला कलम आहे. पोलिसाला ते नाही. महाराष्ट्रात आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर एका दिवसाचा मोबदला देण्याची तरतूद आहे. रोजच्या पाळीवर चढलेल्या चार-सहा तासांना मात्र काहीच नाही.

का नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २८ सांगतं की पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असं समजलं जाईल. त्याआधीच्या १८६१ च्या पोलीस कायद्यातही हेच होतं. कल्पना मुळात चुकीची नाही. रजेवरचा पोलीस एसटीत बसला असताना समोर कोणाचा खिसा कापला गेला, तर 'माझी पाळी संपली' असं त्याने म्हणू नये. त्याचे अधिकार आणि त्याची जबाबदारी त्याच्यासोबत घरी जाते. पण अधिकाराविषयीचं हे कलम पुढे कामाच्या तासांना लावलं गेलं. सदैव कर्तव्यावर असलेल्या माणसाला जादा काम असूच शकत नाही, कारण ज्याच्या वर जादा मोजायचं ती मर्यादाच नाही. १८६१ चा कायदा सत्तावन्नच्या उठावानंतर, आयर्लंडमधल्या पोलीस दलाच्या धर्तीवर, राज्य टिकवण्यासाठी केलेला होता. शिपायाच्या घरच्यांचा विचार त्यात असण्याचं कारण नव्हतं. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने शिपायाला महिना किमान ८ रुपये द्यावेत असं सुचवलं, तेव्हाही तासांचा प्रश्न मागेच राहिला.

राखणदारीची रीत या डोंगरांत त्याहून जुनी आहे. मराठेशाहीत घाटवाटा आणि किल्ले सांभाळण्याचं काम महादेव कोळ्यांच्या नाईकांकडे असे, आणि त्याचं ठरलेलं उत्पन्न त्यांना मिळे. पेशवाई बुडाली, इंग्रजांनी गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, ते उत्पन्न तुटलं आणि १८२८ च्या सुमारास याच डोंगरांत उठावांची मालिका सुरू झाली. पुढे १८५७ मध्ये कॅप्टन नटॉलने इथल्याच कोळ्यांची एक पलटण उभी केली आणि चार वर्षांत, १८६१ साली, तीही मोडली. गरज असेल तोवर माणूस घ्यायचा आणि मग सोडून द्यायचा, हा अनुभव इथल्या लोकांनी फार पूर्वी घेतला आहे. 'नाईक' हा शब्द पोलिसांत पदाचं नाव म्हणून राहिला होता. २०२२ मध्ये ते पद रद्द झालं. शिपायाला हवालदार होण्यासाठी मधली एक पायरी कमी व्हावी आणि भरती झालेला माणूस निवृत्तीपर्यंत उपनिरीक्षक होऊ शकावा, हा हेतू. तो बदल मला मनापासून पटतो, कारण वीस-पंचवीस वर्षं एकाच फितीवर काढणाऱ्या माणसाला त्याने वर जायची वाट दिली.

शिपायाने आपली अडचण कुठे सांगायची? १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात शिपायांचे हाल मांडले होते. दिवसाचे १० ते १६ तास काम, तेही आठवड्याचे सातही दिवस. तीन वर्षांनी मुंबईत त्याचा स्फोट झाला. पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना तेव्हा राज्यात होती. १५ ऑगस्ट १९८२ ला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने संघटनेच्या नेत्यांना अटक केली, संघटनेची मान्यता काढली, आणि शिपाई रस्त्यावर उतरले. गिरणी कामगारांचा संप चालूच होता. दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं. पोलिसांनीच शहराची शांतता मोडावी, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नव्हतं. पण त्यानंतर मूळ मागण्यांचं बोलणंही त्या दिवसाखाली गाडलं गेलं. पोलिसांच्या संघटनेवर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध आहेतच. आज शिपायासमोर दरबार आणि ऑर्डर्ली रूम एवढ्याच जागा आहेत, आणि तिथं साहेबांसमोर 'मला झोप पुरत नाही' असं म्हणायला धैर्य लागतं.

इंग्लंडमध्येही १९१८ आणि १९१९ मध्ये पोलिसांचे संप झाले. तिथल्या सरकारने संप करण्यावर आणि कामगार संघटनेत जाण्यावर बंदी घातली, पण त्याच १९१९ च्या कायद्याने पोलिसांचं म्हणणं मांडायला पोलीस फेडरेशन ही वेगळी संस्था उभी केली. आज तिथल्या कॉन्स्टेबलला आणि सार्जंटला पाळीवर चढलेल्या तासांचा मोबदला नेहमीच्या दराच्या एक आणि एक तृतीयांश पट मिळतो. त्याचा परिणाम केवळ शिपायाच्या खिशावर होत नाही. तास मोजून त्याचे पैसे द्यावे लागतात, तेव्हा अमुक कार्यक्रमाला दोनशे माणसं खरंच हवीत का, असं वरिष्ठ अधिकारी स्वतःच विचारू लागतो. आपल्याकडे शिपायाचा तेरावा, चौदावा तास सरकारला फुकट पडतो. फुकटची गोष्ट कोणी जपून वापरत नाही. म्हणून मी जादा तासांच्या पैशाची मागणी करतो, ती शिपायाच्या पगारवाढीपेक्षाही या विचारण्याची सवय लागावी म्हणून.

बदल होऊ शकतो, हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची होती. तिचा आराखडा घेऊन तो पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत गेला आणि आयुक्तांनी तो ऐकून घेतला. नवी भरती न करता, आहेत त्याच माणसांची फेरमांडणी करून ते जमवलं गेलं, आणि १ जानेवारी २०१७ पासून मुंबईच्या सगळ्या ठाण्यांत ही पद्धत लागू झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये पोलीस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांसाठी बाराऐवजी आठ तासांचं काम प्रायोगिक तत्त्वावर राज्यभर सुरू केलं. त्याआधी हा प्रयोग नागपूर शहर आणि अमरावती शहरासोबत पुणे ग्रामीणमध्येच झाला होता. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण घाटातल्या आणि वाड्यांच्या जिल्ह्यातही आठ तास बसवून पाहता येतात, हे त्यातून दिसलं. अडचण एवढीच की माणसं तेवढीच ठेवून काहींचे तास कमी केले, तर ते तास दुसऱ्यांवर जातात. चुकतो तो प्रयोग नाही. त्याच्यासोबत माणसं वाढवली गेली नाहीत, तिथं चुकतं.

आणि माणसं नाहीत असं कोण म्हणेल? २०२२-२३ च्या भरतीत राज्यात १८,३३१ जागा होत्या आणि अर्ज आले १८ लाखांच्या घरात. एका जागेला जवळजवळ शंभर. तळेघर-डिंभ्याच्या रस्त्यावर पहाटे गेलात तर धावण्याचा सराव करणारी पोरं-पोरी दिसतील. हिरड्याच्या पैशावर आणि बागायतीतल्या मजुरीवर चालणाऱ्या घरांत खाकी वर्दी म्हणजे पिढी पालटणं. भरती काही वर्षांच्या अंतराने एकदम होते, निवृत्ती मात्र दर महिन्याला. निवड झाल्यावरही दौंडजवळच्या नानवीजसारख्या प्रशिक्षण केंद्रांत महिने जातात. म्हणून भरतीची जाहिरात वाचून शिपायाला लगेच सुट्टी मिळत नाही.

तोवर वरच्या गावांत पोलीस म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद वतनातून सोडवून नेमणुकीचं केलं. त्याचं मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. भांडण, संशयास्पद माणूस, मृत्यू, दरड, पहिली खबर त्याने द्यायची. त्यालाही तासांची मर्यादा नाही. ३० जुलै २०१४ ला याच तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. खबर देणारं गावच मातीखाली होतं. तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव दिसेना, आणि त्याच्यामुळे बाहेर कळलं. तो श्रावणातला पहिला बुधवार होता, दोन दिवसांपूर्वीच पहिला सोमवार होऊन गेलेला. पुढचे आठ दिवस चिखलात, पावसात, प्रेतांची ओळख पटवत, कागद करत पोलीस तिथं होते. अशा वेळी कोणी तास मोजत नाही, मोजूही नयेत. पण एरवीचे तास मोजून ठेवलेले असतील आणि माणूस एरवी झोपलेला असेल, तरच अशा वेळी तो न मोजता उभा राहू शकतो.

तास मोजायला नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक ठाण्याच्या स्टेशन डायरीत माणूस कामगिरीवर निघाला की 'रवाना' आणि आला की 'परत' अशी वेळेसह नोंद होते. दीडशे वर्षांच्या या सवयीत सगळा हिशेब आहे, फक्त बेरीज नाही. महिन्याच्या शेवटी प्रत्येक बक्कल नंबरासमोर ती बेरीज लिहिली आणि जिल्हा मुख्यालयाकडे गेली, तर घोडेगावला किती माणसं कमी आहेत आणि बंदोबस्ताने कुठल्या बीटाचे किती दिवस खाल्ले, हे कोणाच्याही तोंडाकडे न पाहता कळेल.

त्या सोमवारी मी भीमाशंकरहून संध्याकाळी सहाला परत फिरलो. तळेघरच्या चौकात तो शिपाई होता. वाहनांची रांग उतरणीला लागली होती, पाऊस वाढला होता. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या ठाण्याच्या डायरीत रविवारी दुपारची 'रवाना' ही नोंद होती. 'परत' अजून पडायची होती.